डोक्यात ठेवू नका

सिग्नल केबिनमध्ये लिव्हर ओढताना हातात फडकं धरायचं, हे आम्हाला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. घासून चकचकीत केलेली लोखंडी मूठ तळहाताच्या घामाने गंजते, म्हणून फडकं. उघड्या हाताने लिव्हर धरणाऱ्या नवख्याकडे जुना केबिनमन असं बघायचा, की पुढच्या वेळी तो आपोआप खांद्यावर फडकं टाकूनच वर चढायचा. ब्रिटनमधल्या केबिनांतही हीच रीत होती. इंग्रजाने रूळ आणले, सांधे आणले, त्याबरोबर हे फडकंही आलं असावं.

केबिन पहिल्या मजल्यावर, तिन्ही बाजूंना काचा आणि मधोमध लिव्हरची रांग. तांबडा लिव्हर सिग्नलचा, काळा सांध्याचा (गाडी रूळ बदलते त्या जोडाचा), निळा त्या सांध्याच्या कुलपाचा, पांढरा रिकामा. काळा ओढताना पाय रोवून अंग मागे टाकावं लागतं, कारण टोकाला रॉड आणि त्याच्या टोकाला खरोखरचा रूळ हलत असतो. लांबच्या सिग्नलची तार एप्रिल-मे महिन्यात दुपारी सैलावते. मग सकाळी सरळ पडून ‘जा’ दाखवणारा सिग्नल दुपारी अर्धवटच पडतो आणि ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी मारतो. म्हणून केबिनमध्ये तार ताणायचं चाक असायचं आणि चांगला केबिनमन ऊन पाहून ते फिरवायचा. ब्रिटनमध्ये सिग्नल विजेवर गेले तेव्हा त्यांच्या लिव्हरच्या मुठी कापून आखूड केल्या. हा लिव्हर ओढायला जोर लागत नाही, हे हाताला आधीच कळावं म्हणून. नाहीतर सवयीने पूर्ण ताकद लावून माणूस मागच्या भिंतीवर आपटायचा.

मी सहायक स्टेशन मास्तर म्हणून नोकरीला लागलो आणि सेक्शन कंट्रोलर म्हणून निवृत्त झालो. हल्ली वर्तमानपत्रांत कंट्रोल रूमच्या ‘मानवकेंद्री रचने’वर लेख येतात. ऑपरेटरच्या मनगटाला पट्टा, डोक्याला टोपी, कपाळाला सेन्सर, आणि हे सारं कालपरवा सुचल्यासारखी भाषा. वाचून हसू येतं, थोडा रागही. कारण माणूस विसरतो, दमतो, चुकीचं ऐकतो, हे गृहीत धरून वस्तू घडवायचं काम रेल्वेने दीडशे वर्षं केलं आहे. त्यातली बहुतेक अक्कल अपघातातल्या प्रेतांवरून आलेली आहे, हेही तितकंच खरं.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा केबिन ही चीजच नव्हती. सांधेवाला प्रत्येक सांध्यापाशी जाऊन तो हाताने फिरवायचा आणि बावटा दाखवायचा. एकाच ठिकाणाहून सारे सांधे आणि सिग्नल चालवायचे आणि ते एकमेकांत असे अडकवायचे की परस्परविरोधी सिग्नल देताच येऊ नये, ही कल्पना जॉन सॅक्स्बीने १८५६ साली पेटंट केली. मालकांना खर्च नको होता. आयर्लंडमध्ये आर्मा इथे जून १८८९मध्ये सहलीला निघालेल्या गाडीचे डबे उतारावरून मागे घरंगळले, ८० माणसं मेली, त्यात मुलं पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून इंटरलॉकिंग, ब्लॉक पद्धत आणि सलग ब्रेक सक्तीचे केले.

घाट बांधणाऱ्यांना मात्र ही समज कायद्याने द्यावी लागली नाही. बोरघाटाचा चढ ३७ला १. तिथे कॅच साइडिंगचा सांधा नेहमी साइडिंगकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबून दाखवते, मग तिला सरळ रस्ता मिळतो. न थांबणारी डोंगरावर चढणाऱ्या रुळावर जाते. आजही पुण्याहून मुंबईला येताना मंकी हिल किंवा ठाकूरवाडीला गाडी विनाकारण थांबली म्हणून प्रवासी कुरकुरतात. विनाकारण नसते ती. ब्रेक धरतात की नाही, याची परीक्षा चाललेली असते.

पण इंटरलॉकिंगला एक गोष्ट कळत नाही. दोन लिव्हर एकमेकांच्या आड येतात का, एवढंच त्याला ठाऊक. रुळावर गाडी उभी आहे की नाही, हे केबिनमनच्या डोक्यात.

२४ डिसेंबर १९१०ची पहाट, उत्तर इंग्लंडमधलं हॉझ जंक्शन. बाहेर काळोख आणि पाऊस. चढावर गाड्यांना जोड द्यायला लावलेली इंजिनं इथे सुटी होऊन परत फिरत. केबिनमन आदल्या रात्री आठपासून ड्यूटीवर होता. त्याने कार्लाइलकडे जाणारी दोन सुटी इंजिनं पुढच्या सिग्नलपाशी नेऊन उभी केली, मग इतर गाड्यांच्या गर्दीत ती विसरला. मागून एक्स्प्रेस आली. त्याने तिच्यासाठी सगळे सिग्नल पाडले. उभ्या इंजिनांच्या ड्रायव्हरांना वाटलं, हे आपल्यासाठीच. ते निघाले, आणि पुढे एक्स्प्रेसने त्यांना मागून गाठलं. डब्यांत गॅसचे दिवे होते, आग लागली, १२ जण गेले. केबिनमनने चूक लपवली नाही, स्वतःच कबूल केली. चौकशी अधिकारी मेजर प्रिंगल यांनी मात्र तेवढ्यावर कागद बंद केला नाही. रुळावरची गाडी स्वतःच सिग्नल अडवून धरेल, असं विजेचं सर्किट बसवा, असं त्यांनी सुचवलं. तसं करायला पैसा आणि वेळ लागणार होता. हाताशी असलेला स्वस्त उपाय म्हणजे कॉलर.

कॉलर म्हणजे लोखंडी कडं, दुसरं काही नाही. लाइनवर गाडी उभी केली की त्या लाइनच्या सिग्नलच्या लिव्हरला ते घालायचं. मग लिव्हरची कळ दाबताच येत नाही. हात कड्यावर अडला की माणसाला आठवतं. वीज नाही, तार नाही, बिघडायला काही नाही. मात्र ते घालायचं माणसानेच.

२२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमधल्या क्विंटिन्सहिलला ते घातलं नव्हतं. ही गोष्ट मी नव्या पोरांना सांगत असे, कारण त्यात केबिनमधलं सगळं घरगुती वागणं आहे. पाळी सकाळी सहाला बदलायची. पण दिवसपाळीचा माणूस सहानंतर येणाऱ्या लोकलने यायचा, तशी दोघांची आपसात समजूत. रात्रपाळीवाला सहानंतरच्या नोंदी चिटोऱ्यावर लिहून ठेवायचा, म्हणजे येणाऱ्याने त्या आपल्या अक्षरात रजिस्टरात उतरवाव्यात. त्या दिवशी तो ज्या लोकलने आला तीच केबिनसमोर मुख्य लाइनवर वळवून उभी केली होती. खिडकीतून दिसत होती. तो खाली मान घालून नोंदी उतरवत होता, बाकीचे लढाईच्या बातम्या बोलत होते. लिव्हरवर कॉलर नव्हती. त्याने सैनिकांच्या गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे पुढे यायची संमती, दिली. ती लोकलवर आदळली, समोरून आलेली एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. दोनशेहून जास्त मेले, बहुतेक रॉयल स्कॉट्स पलटणीचे जवान. दोन्ही केबिनमनना तुरुंगवास झाला.

ज्या गाडीतून आपण उतरलो तीच गाडी आपण विसरू, यावर नोकरी न केलेल्या माणसाचा विश्वास बसत नाही. केलेल्याचा पटकन बसतो.

माझ्या पहिल्या स्टेशनावरचे केबिनमन निवृत्तीला टेकलेले होते. मी पोरसवदा, पण हुद्द्याने वरचा. ते मला ‘मास्तर’ म्हणायचे, मी त्यांना ‘काका’. मालगाडी लूपमध्ये, म्हणजे मुख्य लाइनीच्या बाजूच्या रुळावर, घेतली की ते आधी कॉलर घालायचे, मग रजिस्टरला हात. कॉलरी अपुऱ्या पडल्या की स्वतःची टोपी लिव्हरवर अडकवायचे आणि गाडी निघेपर्यंत बोडक्याने फिरायचे. मी एकदा म्हटलं, “काका, एकच तर गाडी आहे, ध्यानात राहील.” ते म्हणाले, “मास्तर, डोक्यात ठेवू नका. डोक्यात आधीच घर असतं, पोरीचं लग्न असतं, बदलीचा अर्ज असतो.” साहेब तपासणीला यायचे तेव्हा टोपी डोक्यावर असे, हेही सांगायला हवं.

आता एकेरी लाइनवरच्या परवानगीच्या गोळ्याकडे येतो. अंगावर घालायच्या उपकरणांचा रेल्वेतला मूळपुरुष तोच.

एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत, ही सगळ्यात जुनी धास्ती. १० सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्पला तारेने गेलेल्या निरोपाचा घोटाळा झाला. निरोप पाठवायचा की थांबवायचा, याबद्दल इन्स्पेक्टर आणि तारबाबू यांची समजूत वेगवेगळी. दोन गाड्या समोरासमोर भिडल्या आणि २५ माणसं मेली. त्यानंतर एडवर्ड टायरने १८७८ साली टॅब्लेट यंत्र काढलं. दोन स्टेशनांवर दोन यंत्रं, विजेने जोडलेली. त्यांतून एका वेळी एकच धातूची चकती बाहेर निघते. ती परत कुठल्या तरी एका यंत्रात गेल्याशिवाय दुसरी निघत नाही. ज्याच्या हातात चकती, लाइन त्याची. परवानगी ही बोलायची गोष्ट राहिली नाही, धरायची झाली.

आपल्याकडे चकतीच्या जागी नीलच्या यंत्रातला गोळा होता. पोलादी, मुठीत जेमतेम मावेल असा, त्यावर दोन्ही स्टेशनांची अक्षरं कोरलेली. पुढच्या स्टेशनाला एक ठोका देऊन बोलवायचं, दोन ठोके देऊन लाइन क्लिअर मागायचा. तिकडून संमती आली की यंत्र खडखडतं आणि गोळा घरंगळत हातात येतो. तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. न थांबणाऱ्या गाडीला तो देणं हे सांधेवाल्याचं कसब. प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहून कडं उंच धरायचं, रात्री शेजारी मशाल. इंजिनातून फायरमन कोपरात वाकवलेला हात बाहेर काढतो, आदल्या सेक्शनचं कडं खाली फेकतो आणि त्याच झटक्यात नवं कडं दंडात ओवून घेतो. कडं एवढं मोठं का? हात घालायला जागा हवी म्हणून. वेताचं का? लोखंडाचं असतं तर दंड मोडला असता. वेताचं असूनही दंडावर वळ उठायचेच. जुन्या फायरमनचा दंड पाहून तो कुठल्या लाइनवर होता हे कळतं, असं आम्ही थट्टेने म्हणायचो.

ज्याने कोणी पहिल्यांदा पिशवीला कडं लावलं, त्याला माझा दंडवत. चाळीस-पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतला घामेजलेला, कोळशाने माखलेला माणूस त्याने डोळ्यांसमोर ठेवला होता.

पण वस्तू हातात आली म्हणजे नजर तिच्यावर पडतेच असं नाही. २६ जानेवारी १९२१, वेल्समधलं ॲबर्म्यूल. यंत्रं टायरची, निर्दोष. पण ती केबिनमध्ये नव्हती, स्टेशनच्या इमारतीत होती, आणि रिवाजाने कोणीही ती हाताळायचा. नेहमीचे स्टेशन मास्तर रजेवर, त्यांच्या जागी बदली मास्तर. एका बाजूने लोकल आली. पंधरा वर्षांच्या पोऱ्या कारकुनाने ड्रायव्हरकडून चकती घेतली आणि बदली मास्तरांच्या हातात दिली. त्यांना वाटलं, याने बदलून पुढच्या सेक्शनची आणलीय. त्यांनी तीच चकती ड्रायव्हरला परत नेऊन दिली. पोऱ्या, मास्तर, ड्रायव्हर, फायरमन, एवढ्या हातांतून ती गेली. तिच्यावरची अक्षरं कोणी वाचली नाहीत. लोकल निघाली. समोरून एक्स्प्रेस आधीच सेक्शनमध्ये शिरलेली होती, तिच्याकडे खरी चकती होती. १७ जण मेले.

वाचायची चकती ड्रायव्हरने वाचली नाही, असा ठपका ठेवता येतो आणि तो खोटा नाही. पण माझ्या मते खरी खोड खोलीच्या मांडणीत होती. गाडी घेणारा, चकती काढणारा आणि सिग्नल पाडणारा या तिघांना एकमेकांचे हात दिसत नव्हते. यंत्र केबिनमनच्या डोळ्यांसमोर हवं आणि हात लावणारा एकच हवा. आमच्या छोट्या स्टेशनांवर यंत्र मास्तरच्या टेबलाशेजारी आणि किल्ली त्याच्याकडे असायची, याचं कारण मला ॲबर्म्यूलची हकिकत वाचल्यावर कळलं. तोवर मला ती वरिष्ठांची कटकट वाटायची.

जुन्या केबिनमधली आणखी एक वस्तू मला प्रिय आहे. सिग्नल रिपीटर. लिव्हरच्या वर, शेल्फावर घड्याळासारखी डबी, तिच्यात सिग्नलच्या हाताची इवलीशी प्रतिकृती. बाहेरचा हात हलला तर हा हलतो. २१ जानेवारी १८७६ला इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टनला हिमवादळात लिव्हर ‘धोका’वर होते, पण बर्फाच्या ओझ्याने सिग्नलचे हात खालीच अडकून राहिले आणि ड्रायव्हरांना ‘जा’ दिसत राहिलं. लिव्हर कुठे आहे आणि हात कुठे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा रेल्वेला कळलं. आता अमेरिकेतली थ्री माइल आयलंडची अणुभट्टी बघा, २८ मार्च १९७९. दाब कमी करणारी झडप उघडी राहिली होती. कंट्रोल रूमच्या पॅनेलवरचा दिवा झडप बंद असल्यासारखं सांगत होता, कारण तो दिवा झडपेला जोडलेला नव्हता, झडपेला गेलेल्या आज्ञेला जोडलेला होता. शंभराहून जास्त धोक्याचे दिवे आणि घंटा एकदम सुरू झाल्या आणि त्यात ऑपरेटर बुडून गेले. शंभर वर्षांपूर्वीच्या केबिनमनला ते पॅनेल बनवणाऱ्यांनी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, “साहेब, रिपीटर बसवा.”

कंट्रोल ऑफिस ही पुढची पिढी. इंग्लंडच्या मिडलंड रेल्वेवर सेसिल पेजेट याने १९०७पासून ही पद्धत आणली. मालगाड्या तासन्‌तास वाटेत तिष्ठत राहायच्या, इंजिनावरची माणसं ड्यूटी संपली तरी सुटायची नाहीत. त्याने ठरवलं की सगळा सेक्शन टेलिफोनवरून एकच माणूस पाहील. तीच पद्धत आपल्याकडे आली आणि त्यातून सेक्शन कंट्रोलर नावाचा प्राणी जन्मला. तो गाडी पाहत नाही, रूळ पाहत नाही. टेबलावर चार्ट, आडवी वेळ, उभी स्टेशनं. गाडी म्हणजे तिरपी रेघ. जलद गाडीची रेघ उभट, मालगाडीची लोळलेली, थांबलेली गाडी सपाट. निरनिराळ्या गाड्यांना निरनिराळ्या रंगांच्या पेन्सिली. दोन रेघा स्टेशनाबाहेर छेदणार असं दिसलं की आत्ताच कुणाला तरी लूपमध्ये घ्यायचं. पाळी संपताना त्या कागदावर सहा तासांचं आयुष्य काढलेलं असतं, खोडण्यांसकट. खोडण्या महत्त्वाच्या. पुढचा माणूस चार्ज घेताना त्या बघून ओळखतो, कुठे ओढाताण झाली.

आणि कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. हात पेन्सिलीला मोकळे राहावेत म्हणून पायाला काम दिलेलं. लाइन सगळ्या स्टेशनांची एकच. कुठलाही मास्तर फोन उचलून “डाउन मेल थ्रू, बारा सतरा” म्हणाला की ते सगळ्यांना ऐकू जातं. बाहेरच्याला हा गोंगाट वाटेल. आम्हाला मात्र त्यातूनच सेक्शन कळायचा. पुढचा मास्तर न सांगता फाटक बंद करायला घ्यायचा, कारण मागच्याचा रिपोर्ट त्याने ऐकलेला असे. एखाद्याचा आवाज जड झाला की कंट्रोलर विचारायचा, “मास्तर, चहा झाला का?” त्याचा अर्थ, झोपू नका. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बेकरलू लाइनच्या कंट्रोल रूमवर ख्रिश्चन हीथ आणि पॉल लफ या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलं. तिथली माणसं मुद्दाम मोठ्याने पुटपुटतात, शेजाऱ्याच्या कानावर पडावं म्हणून, आणि शेजारी दुसरं काम करत असूनही ते टिपतो. ते वाचताना मला आमची खोली दिसली. पुढे लाइनी वेगळ्या झाल्या, चार्टची रेघ संगणक काढू लागला, खोली शांत झाली. काम अचूक झालं, यात शंका नाही. पण शेजारच्या बोर्डावर काय चाललंय हे पूर्वी मानेच्या मागून कळायचं, ते आता विचारावं लागतं.

नुसतं लक्ष ठेवणं हे श्रम आहेत, हे मान्य व्हायला फार वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणारे रडारवाले पडद्यावरचे ठिपके का हुकवतात, हे पाहायला नॉर्मन मॅकवर्थने केंब्रिजमध्ये एक काटा केला. तो टप्प्याटप्प्याने सरकतो, क्वचित दुप्पट उडी मारतो, ती टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या हुकवू लागली. हा अभ्यास १९४८मध्ये छापून आला. आपल्याकडे तोवर वेगळ्या वाटेने तिथेच पोचले होते. १९३०च्या कायद्याने रेल्वेच्या सलग कामाला आठवड्याला ६० तास, अधूनमधूनच्या कामाला ८४ तास ठरवले होते. कामगारांचा तंटा वाढला, तेव्हा मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांना लवाद नेमलं. त्यांनी १९४७मध्ये निवाडा दिला. सलग कामाला ५४, अधूनमधूनच्या कामाला ७५, आणि ‘इंटेन्सिव्ह’ म्हणून तिसरा वर्ग, आठवड्याला ४५ तास. सतत एकाग्रता किंवा अंगमेहनत आणि उसंत जवळजवळ नाही, असं काम त्यात. घण मारणारा आणि खुर्चीत बसून कानाला हेडफोन लावलेला, दोघं एका रांगेत. आमची सहा तासांची पाळी या विचारातून आली. कंट्रोल रूमच्या रचनेतली सगळ्यात मोठी सुधारणा मला विचाराल तर ती हीच. वस्तू नाही, म्हणून कोणी तिचा फोटो काढत नाही.

आमच्या सोसायटीत डिझाइनचं शिक्षण घेणारी एक मुलगी आहे. मध्यंतरी ती आराखडा घेऊन आली. कंट्रोलरच्या मनगटाला पट्टा, त्यात नाडी आणि हालचाल मोजणार, पेंग येतेय असं वाटलं तर थरथरणार. “काका, यात तुम्हाला काय चुकतंय असं वाटतं?” मी आधी तिच्या बाजूनेच बोललो. तिला लोकलच्या मोटरमनची मूठ सांगितली. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली, त्या जातीच्या गाड्यांत मोटरमनने मूठ दाबून धरायची, हात सुटला की ब्रेक लागतात. मेलेल्या माणसाचा हात गळतो, हे त्यामागचं गृहीत. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ वॉटरफॉलला ३१ जानेवारी २००३ रोजी अशाच योजनेतलं पायाचं पेडल होतं. ड्रायव्हरला हृदयविकाराचा झटका आला, आणि त्याच्या निपचित पायांच्या वजनाने पेडल दाबलेलंच राहिलं. गाडी वळणावर उलटली, सात जण गेले. तेव्हा नाडी बघणारा पट्टा ही कल्पना टाकाऊ नाही, असं मी तिला सांगितलं.

मग विचारलं, “हा आकडा कोणाला दिसणार?”

“सुपरवायझरच्या डॅशबोर्डवर.”

“मग कंट्रोलर तो पट्टा शिपायाच्या हाताला बांधून देईल.”

ती हसली. मी गंभीर होतो. वेताचं कडं फायरमनच्या दंडावर होतं ते त्याच्यासाठी. गोळा आहे म्हणजे समोरून कोणी येत नाही, हे त्याला कळायचं. कॉलर केबिनमनने स्वतःसाठी घातलेली. मनगटावरचा पट्टा जर फक्त वर चहाडी करणार असेल, तर त्याला फसवायच्या युक्त्या आठवड्याभरात निघतील आणि त्या पुढच्या माणसाला चार्जबरोबर दिल्या जातील. पट्टा थरथरला तर कंट्रोलरने करायचं काय, हेही आराखड्यात नव्हतं. उठून तोंड धुवायचं तर बोर्ड कोण बघणार? बदली माणूस नसेल तर थरथर म्हणजे आणखी एक घंटा.

दुसऱ्या खेपेला तिने आकडा डॅशबोर्डवरून काढला होता. पट्टा थरथरला की शेजारच्या बोर्डवाल्याच्या टेबलावर छोटा दिवा लागेल आणि तो दहा मिनिटं बोर्ड सांभाळेल, असं मांडलं होतं. हे मला पटलं. एका गोष्टीवरून आमचं अजून भांडण आहे. तिचं म्हणणं, पहाटे तीन ते पाच पट्टा जास्त संवेदनशील ठेवावा. माझं म्हणणं, पाळी बदलल्यानंतरचा पहिला पाव तास पाहा, कारण तेव्हा माणूस टक्क जागा असतो आणि सेक्शनमध्ये अजून आलेला नसतो, आणि नाडीवरून ते कळणार नाही. तिने विचारलं, मग कशावरून कळेल? मी म्हटलं, चार्ज घेणाऱ्याने चार्टवरची प्रत्येक गाडी बोटाने दाखवून मोठ्याने वाचली की नाही, यावरून. ते मोजायचं कसं, यावर ती सध्या डोकं खाजवते आहे.